गवयांचे जुने फोटो जमवताना

नाशिक

चि. मुक्ता हिस,


जुन्या गवयांचे फोटो जमवायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. एकच सांगणं आहे: फोटोच्या आधी नावं मिळव.

सुरुवात नाशिकपासूनच कर. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा आश्रम आपल्या पंचवटीत होता. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, १९२१ साली इथेच जन्मले. गाण्याच्या क्लासांचे ग्रुप फोटो इथल्या जुन्या घरांतून अजून निघतात. मधे खुर्चीवर गुरुजी, मागे उभे शिष्य, पुढे सतरंजीवर लहान मुलं. मधला चेहरा कुणीही ओळखेल. कडेच्या मुलाचं नाव मात्र त्या घरातल्या एखाद्या आजींनाच ठाऊक असतं, आणि पुढे गावोगाव शिकवण्या करून गाणं घराघरांत नेलं ते अशाच मुलांनी. म्हणून प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचार आणि तिथल्या तिथे लिहून घे.

जुने फोटो विकणारा सांगेल ते सालांशी ताडून बघ. विष्णु दिगंबर १९३१ साली गेले, तेव्हा बापूराव जेमतेम दहा वर्षांचे. विष्णु दिगंबरांच्या शेजारी मिसरूड फुटलेला तरुण दिसला, तर ते बापूराव नव्हेत. बापूरावही १९५५ साली, चौतिसाव्या वर्षीच गेले; पांढऱ्या केसांचे बापूराव कुणी दाखवले तर नमस्कार करून उठ. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते मासिकातलं किंवा पुस्तकातलं छापील चित्र समज. जुन्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर, पुढे खाली किंवा मागे, बहुधा स्टुडिओचं आणि गावाचं नाव असतं. फ्रेममध्ये बसावा म्हणून तो पुठ्ठा कधी कापू नकोस.

कुणाच्या घरी गेलीस तर मूळ फोटो मागू नकोस. त्यांच्यासमोर स्कॅन कर, तिथेच परत दे, आणि एक चांगली प्रत करून त्यांना आठवणीनं पोचव. अल्बम असेल तर एकही फोटो सुटा करू नकोस. आधीच्या नि नंतरच्या फोटोंवरून प्रसंग आणि साल कळतं.

जपणुकीतही हयगय नको. नाव, साल, कुणाकडून मिळाला, हे मागच्या कडेला मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिही. बॉलपेनची शाई नि दाब पुढे उमटतात. सेलोटेप, चिकट पानांचे अल्बम आणि स्वस्त प्लास्टिक वर्ज्य. आम्लविरहित कागदात ठेव. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस, जाणकाराकडे ने. भिंतीवर प्रत लाव, मूळ फोटो अंधारात राहू दे. आणि फोटोंची पेटी तळमजल्यावर नको; पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी कुठवर आलं ते बघत राहणारं आपलं गाव.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस. ज्यांना ही नावं आठवतात, ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. येत्या रविवारीच ये. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या ओळखीच्या घरी मी फोन करून ठेवते. येताना वही, पेन्सिल आणि भिंग घेऊन ये.

तुझी,
आत्या