रिकव्हरी पेनड्राइव्ह लावला तरी लॅपटॉप सुरू होईना? तो कुठे अडतोय ते आधी बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत पेनड्राइव्हवरून लॅपटॉप कसा सुरू करायचा ते दाखवलं. पण स्क्रीनवरचे मेसेज भराभर निघून जातात, म्हणून तेच इथे जरा सावकाश लिहितोय.

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करतात. महिन्याच्या १८ तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन आला. लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली, तो चार्जरवरच चालायचा. विंडोजचं अपडेट सुरू असताना लाइट गेली आणि त्यानंतर विंडोज उघडेचना. २० तारखेला जीएसटीचा थ्री-बी भरायचा होता. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ते एक वेळ परवडलं असतं, पण महिन्याभराची सगळी बिलं त्याच लॅपटॉपमध्ये होती. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.

ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून मी रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवला होता ना! तोच चालत नाहीये."

इथे माझीही चूक होती. मी तो बनवायला सांगितला होता, एकदा चालवून बघायला सांगितलं नव्हतं. आणि दुसरी गोष्टही नीट सांगितली नव्हती: विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या डेटाचा बॅकअप नव्हे. त्यात फक्त विंडोज दुरुस्त करायची किंवा नव्याने टाकायची सोय असते. तुमची बिलं, फोटो, एक्सेल शीट त्यात येत नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ.

मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतच नाही

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पॉवर बटण १०–१५ सेकंद दाबून धरलं की तो खरोखर बंद होतो. पेनड्राइव्ह लावून चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची की टिचकवत राहा. डेल आणि लेनोवोला सहसा एफ १२, एचपीला एफ ९, असुसला एस्केप. एसरला एफ १२ असते, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन की दाबावी लागते.

तरीही नाव दिसलं नाही तर आधी साधी कारणं तपासा. यूएसबी हब काढून पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, मग दुसऱ्या पोर्टला लावून बघा. त्यानंतर बायोसमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असेल तर बंद करा, आणि यूएसबीवरून बूट करायची परवानगी बंद नाही ना ते बघा.

आणखी एक कारण मला वारंवार दिसतं. विंडोजची आयएसओ फाइल डाउनलोड केली आणि सरळ कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली. याने पेनड्राइव्ह बूट होत नाही. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्यातूनच तयार करा. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून मुलांच्या वाढदिवसाचे फोटो असलेला घेऊ नका.

नाव दिसतं, निवडलं की काळी स्क्रीन किंवा परत मेन्यू

ताईंचं नेमकं हेच होत होतं. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला सांगितली. मेन्यूत एकाच पेनड्राइव्हचं नाव दोनदा होतं, एकदा नुसतं आणि एकदा आधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं. ताई दर वेळी पहिलं निवडत होत्या.

लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. विंडोज ११ ला यूईएफआयच लागतं, आणि गेल्या काही वर्षांतले बहुतेक लॅपटॉप त्याच पद्धतीवर येतात. त्यामुळे आधी यूईएफआयवालं नाव निवडून बघा. ते नावच नसेल तर पेनड्राइव्हचं फॉरमॅट तपासा. यूईएफआयला साधारणपणे फॅट ३२ लागतं. मीडिया क्रिएशन टूल ते आपोआप करतं, हाताने एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह मात्र बऱ्याच लॅपटॉपना दिसत नाही.

‘सेक्युअर बूट व्हायोलेशन’ असा मेसेज आला तर पेनड्राइव्हवरच्या सॉफ्टवेअरची सही लॅपटॉपला मान्य नाही, असा अर्थ. अशा वेळी लोक यूट्यूब बघून सेक्युअर बूट बंद करतात, वर लेगसी मोडही चालू करतात. थांबा! मोड बदललात तर चांगलं असलेलं विंडोजही उघडणार नाही, आणि सेक्युअर बूट बंद केलं की डिस्क लॉक होऊन चावी मागू शकते. आधी नवा पेनड्राइव्ह बनवून बघा. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

पेनड्राइव्ह चालला, पण आता ४८ आकडे मागतोय

यूईएफआयवालं नाव निवडल्यावर ताईंना कीबोर्ड निवडायची निळी स्क्रीन दिसली. दोघांनाही हायसं वाटलं. पण डिस्क उघडायला गेलो तर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली. ताई म्हणाल्या, "मी तर कधी काही लॉक केलंच नाही!"

खरं आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर, अगदी विंडोजच्या होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि चावी त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. प्रश्न असा, की अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे एक नवीन ईमेल काढून सगळं सेट करून दिलं होतं. ताईंना तो ईमेल आठवत नव्हता, पासवर्ड तर नाहीच. नशीब, बिलाच्या मागे ईमेल लिहिलेला होता आणि नोंदवलेला मोबाइल ताईंचाच होता. ओटीपीवर पासवर्ड बदलला, अकाउंट उघडलं, ४८ आकडी चावी मिळाली. नंबर त्या मुलाचा असता तर १९ तारखेला ताई त्याला गावभर शोधत बसल्या असत्या.

डिस्कच दिसत नाही

काहींच्या बाबतीत पेनड्राइव्ह छान चालतो, पण आतली डिस्क यादीत येत नाही. याचा अर्थ डिस्क मेलीच असा नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या सोयीमागे असते आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवून द्यावा लागतो. बायोसमध्येही डिस्कचं नाव दिसत नसेल, तेव्हा मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा.

आधी डेटा बाहेर काढा

चावी मिळाल्यावर ताई ‘रीसेट’ दाबणार होत्या. मी म्हटलं, नको. ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर मारा. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. या छोट्या खिडकीतून सगळ्या ड्राइव्ह दिसतात. सी ड्राइव्हचं अक्षर इथे बदललेलं असू शकतं, म्हणून फोल्डरची नावं बघून ओळखा. टॅली वापरत असाल तर डेटा बहुतेकदा यूजर्स, मग पब्लिक, त्यात टॅलीच्या फोल्डरमध्ये असतो. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट. किती टक्के झालं हे इथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा करून या, पण पेनड्राइव्ह ओढू नका.

ताईंचा डेटा रात्री साडेअकराला बाहेर आला. १९ ला भाच्याच्या लॅपटॉपवर तो उघडून बिलं जुळवली, २० ला दुपारी रिटर्न भरला. विंडोज नंतर निवांतपणे नव्याने टाकलं.

आता तुमचं काम. या रविवारी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद जीएसटीच्या फाइलमध्ये लावा. मग रिकव्हरी पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. कीबोर्ड निवडायची स्क्रीन आली की पुढे काही न दाबता बंद करा, पेनड्राइव्ह काढा. तुमच्या लॅपटॉपवर कोणती की चालली आणि मेन्यूत कोणतं नाव निवडलं, ते चिठ्ठीवर लिहून पेनड्राइव्हलाच चिकटवा. अडलात तर त्या स्क्रीनचा फोटो आणि मॉडेल नंबर पाठवा. नुसतं "सर, चालत नाही" असं लिहिलंत तर मला काही सांगता येणार नाही.

पुढच्या भागात टॅलीचा रोजचा बॅकअप आपोआप कसा घ्यायचा ते बघू.