शेततळ्यातल्या माशांचे पर-शेपूट सडतंय? आधी पाणी बघा, मग औषध



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडलेल्या सभासदांसाठी आजचा संदेश आहे. थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. या रोगात मासे चुकीच्या मात्रेनेही मरतात.

*रोग कसा ओळखायचा?*
▪️ परांच्या आणि शेपटीच्या कडेला आधी पांढरी रेघ दिसते.
▪️ मग कड झिजते, पर फाटून दोऱ्यांसारखे लोंबतात. बुडाशी लाली येते.
▪️ पुढे शेपटीचं नुसतं थोटूक राहतं. मासा सुस्त होतो, खाद्याला येत नाही, काठाला थांबतो.

जाळं ओढल्यावर पर फाटला असेल तर चीर साफ असते, पांढरी कड नसते. तो रोग नव्हे. पण पाणी खराब असेल तर त्याच जखमेतून रोग शिरतो. अंगावर लाल खोल जखमा असतील, किंवा डोळ्यांना दिसणारे चपटे किडे (माशांच्या उवा) चिकटलेले असतील, तर उपाय वेगळा आहे. फोटो काढून गटावर टाका.

*रोग का होतो?*
हे जिवाणू तळ्याच्या पाण्यात कायम असतातच. मासा धडधाकट असेल तोवर ते काही करू शकत नाहीत. जादा मासे, उरलेलं खाद्य, तळाचा काळा गाळ, पहाटे कमी पडणारा प्राणवायू, यांनी मासा खचला की ते परांवर बसतात. मातीच्या तळ्यात घाण थोडीफार जिरते. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात ती जिरायला माती नसते, म्हणून तिथे जास्त लक्ष लागतं.

*पहिले तीन दिवस काय करायचं?*
१) खाद्य दोन दिवस पूर्ण बंद. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं. दोन दिवसांच्या उपासाने मासा मरत नाही.
२) तळाचं पाणी काढा. वरचं नको, पाइप तळापर्यंत सोडून सायफनने काढा. एकूण पाण्याचा पाव भाग पुरे. हे पाणी पिकाला द्या, त्यात खत आहे. ओढ्यात सोडू नका.
३) नवं पाणी उंचावरून, फवारा पडेल असं सोडा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते थेट पाइपने तळाशी सोडलं तर फायदा होत नाही.
४) एरेटर असेल तर रात्री आणि पहाटे चालवा. नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उडवून परत तळ्यात पाडा.
५) मेलेले मासे रोज काढा, चुना टाकून पुरा. तेच जाळं दुसऱ्या तळ्यात वापरण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवा.

पुष्कळ वेळा एवढ्यावरच रोग थांबतो.

*औषध लागलंच तर मात्रा नीट काढा*
३० × ३० × ३ मीटरचं तळं काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असतं, कारण बाजू उतरत्या असतात. आता पाणी १.५ मीटर आहे असं धरा. ३० × ३० × १.५ असा सरळ गुणाकार केला तर साडेतेरा लाख लिटर येतात. हे चूक आहे. उतार १:१ असेल तर तळ २४ मीटर, पाण्याची वरची पातळी २७ मीटर, सरासरी २५.५ मीटर. म्हणून २५.५ × २५.५ × १.५ = सुमारे ९७५ घनमीटर, म्हणजे पावणेदहा लाख लिटर.

▪️ *पोटॅशियम परमँगनेट:* १,००० लिटरला २ ग्रॅम. वरच्या तळ्याला १ किलो ९५० ग्रॅम. चुकीच्या हिशोबाने २ किलो ७०० ग्रॅम पडलं असतं, पाऊण किलो जादा! ड्रममध्ये पूर्ण विरघळवून, ऊन चढल्यावर सकाळी, सगळीकडे सारखं शिंपडा. मासे वर येऊन तोंड वासत असतील तर त्या दिवशी टाकू नका. पुढच्या रात्री पाणी हलतं ठेवा. गुलाबी रंग दोन-तीन तासांतच तपकिरी झाला, तर पाण्यात घाण जास्त आहे. पुन्हा मात्रा टाकू नका, पाणी बदला.

▪️ *मीठ:* पूर्ण तळ्याला परवडत नाही. पकडलेल्या आजारी माशांना ५० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून २ ते ५ मिनिटं ठेवा. मासा कलंडू लागला की लगेच बाहेर काढा.

▪️ *चुना:* आधी सामू मोजा. ७ च्या खाली असेल तरच हेक्टरी २०० किलो, म्हणजे वरच्या तळ्याला सुमारे १५ किलो, रात्रभर भिजवून गार झाल्यावर. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी आधीच ८.५ च्या वर जातो. त्यात चुना टाकला तर अमोनिया आणखी विषारी होतो. परमँगनेट आणि चुना एकाच दिवशी नको.

⚠️ *मेडिकलमधल्या अँटिबायोटिक गोळ्या तळ्यात टाकू नका.* पैसे पाण्यात जातात आणि औषधाचा अंश माशाच्या मांसात राहतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांना खाण्याच्या माशांसाठी बंदी आहे. दुसरं अँटिबायोटिकही तज्ज्ञांनी लिहून दिलं तरच द्या, आणि मासे किती दिवस विकायचे नाहीत ते विचारून घ्या.

*बरं होतंय हे कसं कळेल?*
पांढरी कड पुढे सरकायची थांबते आणि तिथे पारदर्शक पापुद्रा येतो. तोच नवा पर. याला आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून दुसरी मात्रा टाकू नका.

*पुन्हा होऊ नये म्हणून:* हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली, म्हणजे ३० × ३० च्या तळ्यात ४५० ते ९००. खाद्य तासाभरात संपेल एवढंच.

*घरी मुलांनी फायटर मासा पाळलाय?* त्यालाही हाच रोग होतो, कारणही तेच: छोट्या बरणीतलं घाण पाणी. रोज पाव भाग पाणी बदला. नळाचं क्लोरीनचं पाणी २४ तास उघडं ठेवून मगच वापरा. थंडीत पाणी फार गार होऊ देऊ नका. खाद्य दोन-चार दाणेच.

मर वाढत असेल तर वाट बघू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. उदगीर, नागपूर, रत्नागिरी इथे मत्स्य महाविद्यालयंही आहेत. नेताना *जिवंत आजारी मासा* तळ्याच्याच पाण्यात न्या, मेलेल्या माशावरून निदान नीट होत नाही. सोबत पाण्याची वेगळी बाटलीही घ्या.

तळ्याची लांबी, रुंदी, पाण्याची खोली आणि माशाचा जवळून फोटो गटावर पाठवा. मात्रेचा हिशोब आपण मिळून करू.

– तांत्रिक विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी