बोटावरील सौम्य गाठींची ओळख

उतारवयाकडे झुकलेल्या व्यक्तीच्या बोटावर, नखाच्या मुळाजवळ, वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान, गुळगुळीत व चकचकीत गाठ दिसते. वैद्यकात तिला ‘मिक्सॉइड सिस्ट’ म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नव्हे. टोकाच्या सांध्याची झीज होऊ लागली की बहुधा तेथील द्रव पाझरून त्वचेखाली साठतो. हा द्रव स्वच्छ, घट्ट व चिकट असतो. गाठीचा दाब नखाच्या मुळावर पडल्यास नखावर उभी खाच उमटते.

अशी गाठ सुईने टोचून रिकामी करण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु तिचा सांध्याशी संबंध असल्याने जंतू थेट सांध्यात शिरण्याचा धोका संभवतो. उलटपक्षी, प्रत्येक गाठ निरुपद्रवी मानणेही इष्ट नाही. म्हणूनच अचूक निदानाचे महत्त्व आहे.

या कामी डर्मोस्कोपी उपयोगी पडते. योहान साफियर यांनी १९२० साली या तपासणीविषयी लेखन केले होते. आजचा डर्मोस्कोप हे हातात मावणारे, प्रकाशयुक्त भिंग असून त्यातून सुमारे १० पट मोठे दिसते. ध्रुवीकृत प्रकाशामुळे किंवा जेलच्या थरामुळे त्वचेवरील चकाकी नाहीशी होते आणि वरच्या थरांखालील रचना पाहता येते. यात छेद घ्यावा लागत नाही व वेदनाही होत नाहीत.

मिक्सॉइड सिस्टमध्ये पांढुरकी-तांबूस किंवा निळसर, अर्धपारदर्शक पार्श्वभूमी आणि तीवर फांद्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. चामखिळीत मात्र त्वचेच्या रेषा खंडित होऊन गोठलेल्या रक्ताचे काळपट ठिपके आढळतात. तथापि, फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगातही दिसतात. त्यामुळे गाठीची जागा, नख व सांधा यांचाही विचार तज्ज्ञ करतात. शंका उरल्यास सोनोग्राफी किंवा बायॉप्सी करावी लागते.

लहान व न दुखणाऱ्या गाठीवर केवळ लक्ष ठेवले तरी चालते. त्रास होत असल्यास द्रव काढणे, अतिशीत उपचार किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. मात्र गाठ पुन्हा उद्भवू शकते.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी गावात एवढे अवश्य सांगावे : गाठ घरी टोचू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. ती झपाट्याने वाढत असेल, तिच्यातून रक्त येत असेल, व्रण भरत नसेल किंवा नखाखाली काळा पट्टा उमटला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखविण्यास मुळीच विलंब करू नये.