गपगार इंजिनाची धास्ती

टॅपेटची टिकटिक करत गाडी दारात आली की मला फारशी काळजी वाटत नाही. फीलर गेज घालायचा, फट जुळवायची, गाडी परत. धास्ती वाटते ती हळूहळू गपगार होत गेलेल्या इंजिनाची, आणि त्यातही गाडी गॅसवर चालणारी असेल तर जास्तच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हेड-काम करतो. जुने गाईड काढून नवे घालणं, सीट कापणं, व्हॉल्व्ह बसवणं, हेडचा पृष्ठभाग सपाट करून देणं, एवढाच आमचा धंदा. गाडी कुणाची याच्याशी आमचा संबंध नसतो. मिस्त्री हेड उतरवून पोत्यात गुंडाळून आणतात, आम्ही दुरुस्त करून परत देतो. पण हेड फार बोलकं असतं. मालकानं तेल वेळेवर बदललं का, एअर फिल्टर कधी उघडून बघितला का, इंजिन कधी पाण्याविना तापवलं का, सगळं त्यावर उमटलेलं असतं. आपल्या भागात सीएनजीचे पंप वाढत गेले तशी बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांची हेडं दुकानात जास्त यायला लागली. त्यांचं दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं, एक्झॉस्टची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कड, खाल्लेली.

शाळेची वर्दी करणारा एक व्हॅनवाला दुसऱ्याच कुणाचं तरी हेड घेऊन आला होता. बोलता बोलता स्वतःच्या गाडीचं कौतुक सुरू झालं. "मिस्त्री, गॅसवर घातल्यापास्नं इंजिन कसं गपगार झालंय! आधी लई कटकट करायचं." मी म्हटलं, "दादा, एकदा थंड इंजिनावर टॅपेट बघून घे." तो हसला. "चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?" त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. गाडी एका सेल्फात सुरू होत होती, ॲव्हरेज झकास होतं, धूर नव्हता.

मे महिन्यात घरच्यांना घेऊन तो कोकणात गेला. उतरताना काही झालं नाही. येताना करूळ घाटात, भरलेली गाडी, गॅसवर, दुसऱ्या गिअरात पाय दाबून चढवत असताना पिकअप एकदम पडला आणि इंजिन तीनच सिलिंडरवर थडथडायला लागलं. तशीच रेटत, थांबत, शेवटी दोरी बांधून गाडी वर आली. काही दिवसांनी तिचं हेड माझ्या टेबलावर होतं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा वितळून गेलेला, आणि सीटवर नेमकी तिथंच काळी चर पडलेली. बाकीचे तीन एक्झॉस्टही आपापल्या सीटमध्ये खोल रुतलेले. त्यांची पाळी फार लांब नव्हती.

त्याचा कान त्याला फसवत होता, आणि तो का फसतो हे समजून घेण्यासारखं आहे. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मुद्दाम बारीक फट सोडलेली असते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीनं वाढतो, त्या वाढीला जागा लागते. मोटारसायकलीत ही फट कित्येकदा ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, मोटारीत साधारण ०.१५ ते ०.३०. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकातलाच धरायचा. एक्झॉस्टला बहुधा जास्त फट ठेवतात, कारण तो जास्त तापतो. कॅम झिजला, रॉकरचं टोक झिजलं, दांडीचा माथा झिजला की फट वाढते आणि टिकटिक सुरू होते. त्यामुळं आवाज म्हणजे झीज, हे आपल्या पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. सीटची झीज मात्र उलटी चालते. सीट खचली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याची दांडी रॉकरला भिडायला येते, फट कमी होते आणि आवाजही कमी होतो. मालक खूश होतो. फट शून्यावर आली की तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो, आणि तिथून पुढं फार दिवस जात नाहीत.

कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड जोर लावून चालणाऱ्या इंजिनात ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ही उष्णता बाहेर पडायला वाटा दोनच, एक सीटमधून हेडमधल्या पाण्याकडं, दुसरी दांडीवरून गाईडमधून. ढोबळ हिशेबानं तीन चतुर्थांश उष्णता सीटच्या वाटेनं जाते. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा सीटवर येऊन बसतो, आणि बसलेला असतो तेवढ्याच वेळात त्याला गार व्हायचं असतं. तो टेकलाच नाही तर उष्णतेची मोठी वाट बंद होते. वर त्याच फटीतून पेटता वायू सुटून कडा कापत जातो. आपण ज्याला 'व्हॉल्व्ह जळला' म्हणतो ते हेच.

गॅसवर सीट एवढी का खचते? पेट्रोल जळताना थोडी राख, थोडं काजळ मागं राहतं आणि सीट-व्हॉल्व्हच्या मध्ये पातळ थर धरतं. गॅस स्वच्छ जळतो. पर्यावरणाला ते चांगलं, पण सीट कोरडी राहते. कोरडा तापलेला धातू तशाच धातूवर आपटला की, नीट न तापलेल्या तव्यावरून भाकरी उचलताना तिचा पापुद्रा तव्यालाच राहावा तसे सीटचे सूक्ष्म कण व्हॉल्व्हला चिकटून निघून येतात. इनटेकला आणखी एक तोटा असतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत त्याच्या पाठीवर पेट्रोलचा फवारा पडून तो गार होतो. गॅसवर तेही बंद.

हे दुखणं नवीन नाही. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड घातलं की इंजिन ठोकत नाही हे शोधून काढलं. त्या शिशाचा थर सीटवर बसून तिला जपतो, हा फायदा त्याबरोबर फुकट मिळाला. शिसं विषारी, ते गेलं हे उत्तमच झालं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि जगातल्या शेवटच्या देशानं, अल्जीरियानं, शिशाचं पेट्रोल २०२१ मध्ये थांबवलं. पण जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं हेड बिडाचं आणि सीट त्या बिडातच कापलेली, वेगळी कडक रिंग घातलेली नसायची. शिशाचा थर गेल्यावर अशा हेडांना धोका वाढला, आणि त्यावर पक्का उपाय एकच, जागा बोअर करून कडक पोलादी सीट घालणं. गॅसकिटनं आता तोच धडा दुसऱ्यांदा गिरवायला लावलाय. कंपनीतूनच गॅसवर येणाऱ्या गाड्यांत सीट आणि व्हॉल्व्ह त्या हिशेबानं कडक धातूचे घालतात. बाहेरून किट बसवताना डिकीत टाकी येते, हेड मात्र पेट्रोलचंच राहतं.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, किट बसवायच्या आदल्या दिवशी थंड इंजिनावर सगळ्या व्हॉल्व्हची फट मोजून वहीत लिहून ठेवा. ही गोष्ट जवळजवळ कुणी करत नाही. नुसतं 'टॅपेट बघितले' याला काही अर्थ नाही. आकडा पाहिजे, तारखेसकट आणि किलोमीटरसकट. मग पहिल्या पाच हजार किलोमीटरला पुन्हा मोजा, नंतर दर दहा हजाराला. हा माझा हिशेब आहे, गाडीच्या पुस्तकात याहून कडक सांगितलं असेल तर ते पाळा. दोन नोंदींमधला फरक सगळं सांगतो. फट तेवढीच असेल तर निवांत राहा. दर वेळी कमी होत असेल तर सीट चाललीय. लगेच हेड उतरवायची गरज नाही, फट जुळवून वापरता येतं, पण पुढची मोजणी लवकर करायची.

स्क्रूचे टॅपेट असतील तर हे स्वस्तातलं काम आहे. बकेट टॅपेटच्या गाड्यांत मोजणं सोपं, पण जुळवायला शिम किंवा बकेट बदलावी लागते, कधी त्यासाठी कॅमही काढावा लागतो. खर्च ऐकून लोक मोजतच नाहीत, आणि हीच गोष्ट मला पटत नाही. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तर फट दिसतच नाही; तो आपोआप आत सरकून सीटची झीज झाकत राहतो आणि त्याची हद्द संपली की एकदम तोंडघशी पाडतो. तिथं वर्षाकाठी कॉम्प्रेशन तपासून त्याची नोंद ठेवायची.

दुसरी गोष्ट टायमिंगची. सीएनजीतला मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते. ते केलं नाही तर एक्झॉस्ट उघडताना आत अजून आग चालू असते आणि ती सरळ व्हॉल्व्हच्या मानेवरून वाहते. मिश्रणात गॅस कमी पडला तरी ज्वलन लांबतं. ॲव्हरेजच्या हव्यासापायी गॅस कमी करून मागणारी गिऱ्हाइकं मी बघितलीत. वाचवलेल्या गॅसचे पैसे नंतर माझ्याच गल्ल्यात येतात. किटवाल्याला सांगा, गाडी उभ्या उभ्या ट्यून करू नको, चढावर नेऊन भरलेल्या गाडीनं बघ.

चालवताना एवढंच. लांब घाट भरलेल्या गाडीनं चढायचा असेल तर पेट्रोलवर घ्या. आंबा असो, करूळ असो, तेवढ्या पेट्रोलचा खर्च हेडपुढं काहीच नाही. सकाळी थोडं अंतर पेट्रोलवर जाऊ द्या. इंजिन रेड लाइनपर्यंत ओढू नका. स्प्रिंग दमलेली असेल तर व्हॉल्व्ह सीटवर बसण्याऐवजी उड्या मारतो. बाहेरच्या देशांत एलपीजीच्या गाड्यांना सीट जपणारं द्रव्य थेंब थेंब सोडणारं छोटं यंत्र बसवतात, त्यात पोटॅशियमसारखी द्रव्यं असतात. मऊ सीटला त्याचा उपयोग होतो. पण सीट खचल्यावर बाटली ओतून ती वर येत नाही.

डिझेलवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. काजळीमुळं त्यांच्या सीटला थोडा आसरा मिळतो, त्यांचं मरण धुळीत आहे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर दिवसरात्र पांदीतली धूळ खातो. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत तेलाऐवजी गाळ झालेला असतो आणि ती वाळू इनटेकच्या गाईडमध्ये उतरते. गाईड सैल झाला की व्हॉल्व्ह डुलतो, सीटवर एका बाजूनं आपटतो आणि तिला लंबगोल करतो. पेट्रोलच्या गाडीत गाईड असा सैल असेल तर उतारावर सोडून पुन्हा रेस दिली की निळा धूर येतो, ती गाईड किंवा सीलची पहिली बोंब. ती ऐकून नुसते सील बदलून घेतले तर धूर काही दिवस थांबेल, झीज नाही.

आता हेड उतरलंच तर माझ्यासारख्याकडून काय करून घ्यायचं, तेही सांगतो. आधी गाईड, मग सीट, हाच क्रम. सैल गाईडवर कापलेली सीट वाकडीच होते. नुसती पेस्ट लावून घासून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. लॅपिंग हे शेवटचं हलकं बोट आहे, खचलेली सीट त्यानं सुधारत नाही, आणि धुताना राहिलेली पेस्ट गाईड खाते. सीटची रुंदी एक्झॉस्टला साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी. फार बारीक असेल तर उष्णता जात नाही, फार रुंद असेल तर कार्बन अडकतो. व्हॉल्व्हची कड मिलिमीटरच्या आत आली असेल तर तो व्हॉल्व्ह बाद, पातळ कड लालभडक होऊन लवकर जळते. नवी सीट हातानं ठोकून बसली तर ती सैल आहे. हेड तापवून, सीट गार करून, दाबून बसली पाहिजे. शेवटी व्हॉल्व्ह लावून वरून पातळ तेल ओता आणि पोर्टमध्ये ओल येते का बघा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो. आता ते मिळणं मुश्कील, डिझेलवर भागवतो.

काही टर्बो आणि जोरकस इंजिनांत एक्झॉस्टची दांडी पोकळ असते आणि तिच्यात सोडियम भरलेला असतो. सॅम हेरन या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात विमानांच्या इंजिनांसाठी ही युक्ती रुळवली. ९८ अंशांच्या आसपास सोडियम वितळतो आणि दांडीत हिंदकळत तोंडाची उष्णता वर नेतो. असा व्हॉल्व्ह कापायचा, वेल्ड करायचा किंवा छिन्नी करायला ठोकायचा नाही. सोडियमला पाणी लागलं की भडका उडतो. भंगारात टाकतानाही वेगळा सांगून द्यायचा.

आणि जुनी गॅसची गाडी घ्यायला निघाला असाल तर इंजिन किती गपगार आहे यावर भाव ठरवू नका. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी जाऊन बघा, सुरू करायच्या आधी कव्हर उघडून फीलर गेज घाला, आणि कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं घ्या. मालक म्हणेल, कशाला उघडताय, चालू गाडी आहे. मग हेड-कामाचा खर्च मागितल्या किमतीतून वजा करूनच पुढचं बोला.