घाटात गाडा उतरवताय? आधी पॉलिसीतला ‘वापर’ वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं आणि आंबेगाव, जुन्नर, खेडमधल्या शर्यतीच्या घाटांवरचं अनिश्चिततेचं सावट सरलं. त्यानंतर नव्या गाडामालकांची एक फळीच उभी राहिली. महाळुंगे पडवळ, कळंब, लांडेवाडी, नागापूर, कुठल्याही गावात बघा. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा, घरी कांदा-बटाट्याचं रान असलेला तरुण दोन-तीन मित्रांबरोबर भागीत बैल घेतो. बैल कोणाचा, कितीला घेतला, कुठल्या घाटात किती सेकंदांत आला, हे त्याला तोंडपाठ असतं. पण पळताना बैलाचा पाय मोडला तर पैसे कुठून येतील, किंवा बैल गर्दीत घुसून कोणाला लागलं तर भरपाई कोण देईल, असं विचारलं की तो गप्प होतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी विम्याचं बोलू. जनावराचा विमा मिळतो, बैलाचाही मिळतो. अडचण आहे ती प्रस्तावाच्या अर्जातल्या ‘वापर’ या रकान्यात. एजंट घाईत तिथे ‘शेतीकाम’ किंवा ‘ओढकाम’ लिहितो, आपण सही करतो आणि कानात बिल्ला मारला जातो. जनावर विम्याच्या नेहमीच्या अटींमध्ये एक अट अशी असते की पॉलिसीत लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामासाठी, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय, जनावर वापरलं तर दावा मिळत नाही. नांगराचा बैल म्हणून विमा काढलेला बैल घाटात पडून मेला की कंपनी नेमकं याच अटीवर बोट ठेवते. त्यासोबत आणखी अटी असतात. मुद्दाम केलेली इजा, हेळसांड, ताकदीपलीकडचं ओझं आणि अडाणी उपचार यांतून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. काठी, टोचणी किंवा विजेचा झटका वापरल्याचा व्हिडिओ कोणी काढला, तर कायद्याचा बडगा बसतोच, शिवाय विम्याचा दावाही तिथेच बुडतो.

मोटारीचं याहून वेगळं नाही. चाकणच्या पट्ट्यातली बरीच मुलं आता स्वतःची गाडी घेऊन चेन्नई किंवा कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर जातात. खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा मजकूर असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि पेसमेकिंग यांसाठी गाडी वापरली तर पॉलिसी लागू नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीवर आदळली तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च मालकाचा. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाहन असो की जनावर, विमा कंपनी रोजच्या वापराची जोखीम घेते. शर्यतीची जोखीम तिला वेगळी सांगावी लागते आणि तिने ती लेखी मान्य करावी लागते.

मग करायचं काय? पॉलिसी घेताना ‘वापर’ या रकान्यात ‘ओढकाम व परवानगीप्राप्त बैलगाडा शर्यत’ असं लिहून द्या. कंपनीने नकार दिला तर तोही लेखी मागा. निदान आपण कुठे उभे आहोत हे कळेल आणि दुसऱ्या कंपनीकडे जाता येईल. एजंटचं ‘काही होत नाही, मी आहे ना’ हे वाक्य दाव्याच्या वेळी कुठेही चालत नाही. जास्तीचा हप्ता घेऊन कंपनी तयार झाली, तर ती संमती पॉलिसीला जोडलेल्या शिक्क्याच्या कागदावर हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप त्यासाठी पुरत नाही.

आता हप्त्याचा हिशेब. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. उरलेले ८५ टक्के केंद्र आणि राज्य भरतात. समजा, बैलाची मान्य किंमत दीड लाख धरली आणि हप्त्याचा दर ४ टक्के लागला. म्हणजे हप्ता ६,००० रुपये, त्यातले तुमचे ९००. चार बैलांचे ३,६००. हे ऐकून हायसं वाटतं, पण खरी मेख ‘मान्य किंमत’ या शब्दांत आहे. ही किंमत पशुवैद्यकीय अधिकारी, विमा प्रतिनिधी आणि मालक मिळून ठरवतात आणि ती ठरते बाजारातल्या कामाच्या बैलाच्या भावाने. घाटात नाव कमावलेल्या बैलासाठी तुम्ही आठ लाख मोजले असतील, तर कागदावर दीड लाखच येतील आणि साडेसहा लाखांची जोखीम तुमच्याच डोक्यावर राहील. पूर्ण आठ लाखांचा विमा खुल्या बाजारात काढायचा म्हटलं, तर त्याच ४ टक्क्यांच्या दराने एका बैलाचा वर्षाचा हप्ता ३२,००० होतो. इतकी किंमत मान्य करून घ्यायला खरेदीचा पुरावा लागतो. आपल्याकडे नावाजलेल्या बैलांचे व्यवहार बहुधा रोखीत आणि शब्दावर होतात. बैल घेताना साध्या कागदावर तरी पावती करा, बैलाचा रंग, शिंगं आणि बिल्ल्याचा नंबर लिहा, आणि पैसे बँकेतून द्या. पुढे लाखांचा वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

मृत्यूइतकीच महत्त्वाची गोष्ट अपंगत्वाची. घाटात बैल मरण्यापेक्षा निकामी होण्याची भीती मोठी असते. पाय मोडतो, खांदा निखळतो, बैल जगतो पण पुन्हा जुंपता येत नाही. साध्या पॉलिसीत फक्त मृत्यू धरलेला असतो. ‘कायमचं पूर्ण अपंगत्व’ हे जोडसंरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं आणि त्यातही अनेक पॉलिसी विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देतात. माझ्या मते, जास्तीची मान्य किंमत आणि हे जोडसंरक्षण यांतलं एकच परवडत असेल तर किंमत थोडी कमी लावा, पण हे संरक्षण सोडू नका.

बिल्ल्याची हेळसांड बरेच जण करतात. पिवळा, बारा अंकी नंबरचा बिल्ला कानातून पडला की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात. बिल्ला नाही तर दावा नाही, हा जनावर विम्यातला पहिला नियम आहे. बिल्ला पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात आणि कंपनीला कळवून नवा मारून घ्या, नव्या नंबरची पॉलिसीवर नोंद करून घ्या. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या १५ दिवसांत लागलेला आजार धरत नाहीत. म्हणून यात्रेच्या आदल्या आठवड्यात काढलेला विमा आजाराच्या बाबतीत उपयोगाचा नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसीचे दाखले जपून ठेवा. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्याने जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या होत्या, ते सगळ्यांच्या लक्षात असेलच.

बिबट्याचाही विचार करा. ऊसपट्ट्यातल्या गोठ्यावर त्याने बैल मारला तर वनखात्याकडून बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती मिळते. आठ लाखांच्या बैलाला ७० हजार. गोठ्याला जाळी आणि पक्कं दार करण्याचा खर्च या हिशेबापुढे किरकोळ आहे.

आता माणसांकडे येऊ, कारण घाटात सर्वांत जास्त धोका त्यांनाच आहे. आपल्या भागातल्या घाटात गाड्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडी आणि घोडेस्वार, मागे चार बैल. गाडा सुटताना बैल धरून उभी असलेली माणसं पायाखाली येऊ शकतात. पण जास्त मार बसतो तो घाटाच्या वरच्या टोकाला. निशाण पार झाल्यावरही बैल लगेच थांबत नाहीत. धुळीत समोरचं दिसत नाही, माणसं पळत जाऊन वेसण धरायला बघतात आणि तिथेच बघ्यांची गर्दी दाटलेली असते. बैल उधळून कोणी जखमी झाला आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दिवाणी भरपाईचा दावा त्याहून वेगळा. बैलाच्या विम्यातून यातलं काहीही भरून निघत नाही. त्यासाठी यात्रा कमिटीने त्या दिवसापुरता सार्वजनिक दायित्वाचा विमा काढायला हवा. टोकन घेताना कमिटीला हा प्रश्न बेधडक विचारा. लाखोंची बक्षिसं जाहीर करणाऱ्या कमिटीला हा हप्ता जड नसतो. मांडव आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च यादीत येतो, तसा हाही आला पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या आरोग्य विम्यात धोकादायक खेळांबद्दलचं एक ठरलेलं कलम असतं. मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, गिर्यारोहण अशा खेळांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेताना झालेल्या इजेचा उपचार त्यात वगळलेला आहे. हौशी गाडामालकाला या शब्दांचा आधार घेता येतो. पण घोडीवर बसून बारीमागे, म्हणजे गाड्याच्या प्रत्येक धावेमागे, पैसे घेणाऱ्या पोराला व्यावसायिक ठरवायला कंपनीला फारसे कष्ट पडणार नाहीत. त्याच्या उपचाराचा भार आपल्यावर येऊ शकतो, हे धरूनच त्याला बोलवा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये आहेत. खातेदार शेतकरी आणि घरातली खातं नसलेली एक व्यक्ती, वय १० ते ७५. अपघातानंतर ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. या योजनेच्या वगळलेल्या बाबींत ‘मोटार शर्यतीतील अपघात’ स्पष्ट लिहिला आहे. बैलगाड्याचं नाव त्यात नाही, पण गुन्ह्याच्या उद्देशाने कायदा मोडताना झालेला अपघात वगळला आहे. म्हणून विनापरवाना घाटात उतरू नका. शर्यतीच्या अटी मोडल्या तर राज्याच्या कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आयोजकाला १५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, ५० हजारांची ठेव ठेवावी लागते आणि धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. परवानगीच्या पत्राचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. बैल पळवायला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही ठेवा. बैल धडधाकट होता हे दाव्याच्या वेळी त्यातूनच दिसतं.

वाहतुकीचा खर्च बहुतेकांच्या हिशेबात अर्धाच धरलेला असतो. नियमाप्रमाणे वाहनात मोठ्या जनावरामागे २ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे चार बैलांना ८. पिकअपचा हौदा टेपने मोजा. छोट्या गाडीत दोन बैलांपुरतीच जागा निघते. म्हणजे दोन गाड्या किंवा एक मोठी. भाडं ठरवताना हेच धरा. हौद्यात खाली भुसा किंवा पाचट, मध्ये आडवा दांडा आणि चढ-उतारासाठी पक्का रॅम्प हवा. पिकअपच्या विम्यात आतल्या बैलाचं नुकसान येत नाही आणि काही जनावर पॉलिसींत ठरावीक अंतरापलीकडची वाहतूक जास्त हप्त्याशिवाय धरत नाहीत, हेही विचारून घ्या.

सर्वांत गंभीर म्हणजे हौद्यात बसून गुलाल उधळत परतणारी पोरं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. केबिनमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांनाच कायद्याचं संरक्षण आहे. पुणे-नाशिक महामार्गावर रात्री अशी गाडी उलटली तर मागे बसलेल्या प्रत्येकाची भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येऊ शकते. पोरांसाठी वेगळी जीप करा. जिंकलेल्या बक्षिसाच्या मानाने तिचं भाडं काहीच नाही.

भागीच्या बैलांत, किंवा जुगलबंदीत दोन मालकांचे बैल एका गाड्याला जुंपताना, पॉलिसी कोणाच्या नावावर आहे आणि दाव्याची रक्कम कशी वाटायची हे पाचशेच्या मुद्रांकावर आधी लिहा. अपघातानंतर मित्रांत वितुष्ट येतं ते बहुतेक या एका कागदाअभावी.

बैल पडला तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या आणि बिल्ल्यासकट कान फोटोत येईल असे फोटो काढा. पंचनाम्याआधी बैल पुरू नका. दुःखात हे सुचत नाही, म्हणून गाड्याबरोबर जाणाऱ्या एका शांत डोक्याच्या माणसावर हे काम आधीच सोपवा.

आणि गाड्यामागे धावणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि १८ ते ७० वयाच्या कोणालाही बँक खात्यातून तो भरता येतो. मुदत १ जून ते ३१ मे. पुढच्या बारीला बैल धरायला जाण्याआधी हे २० रुपये खात्यातून गेले आहेत का, ते पासबुकात बघून घ्या.