विजेच्या मोटारींतील धाकटी बॅटरी



गेल्या मे महिन्यांतील गोष्ट. आमच्या शेजारचें एक कुटुंब सुटीनिमित्त तीन आठवडे गांवीं गेलें होतें. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आजोबांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेकरितां रुग्णालयांत न्यावयाचें होतें. दाराशीं विजेची मोटार उभी होती. गांवीं जातांना तिची बॅटरी ७० टक्के भरलेली होती. परंतु किल्लीवरील कळ दाबली तरी दार उघडेना. शेवटीं किल्लीनें कुलूप काढून आंत बसावें, तों समोरचा पडदा काळाठिक्कर! आजोबा रिक्षानें गेले व शस्त्रक्रियाही ठरल्या वेळीं पार पडली. पण मोटारीची बॅटरीच गेली असेल तर कांहीं लाखांचा खर्च अंगावर येणार, या विचारानें घरांतील मंडळी दिवसभर चिंतेंत होती.

सायंकाळीं बॅटरीच्या दुकानांतील एक कारागीर आला. त्यानें बॉनेट उघडून एका लहानशा बॅटरीचा दाब मोजला; तो १० व्होल्टच्या आसपास भरला. ती बॅटरी बदलतांच गाडी पूर्ववत् सुरू झाली. खर्च झाला तो कांहीं हजारांचा. तेव्हां आठवींत शिकणाऱ्या मुलानें विचारलें, “बाबा, मोठी बॅटरी भरलेली असतां या धाकटीवांचून गाडी कां अडली?” प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु.

हा प्रश्न आपल्या शहरापुरता विशेष महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील नागरिकांनीं २०१० सालीं एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्याचें आपल्या वडील मंडळींना आठवत असेल. त्याच धर्तीवर २०२१-२२ मध्यें ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नांवानें विजेच्या मोटारी एकत्रितपणें घेण्याचा उपक्रम येथें झाला. त्या वेळच्या गाड्यांना आतां चार वर्षें होऊन गेलीं. धाकट्या बॅटरीचें आयुष्य सामान्यतः तीन ते पांच वर्षें असतें. अर्थात् शेजाऱ्यांची ती सकाळ आणखी पुष्कळ घरांच्या वांट्याला येण्याचा हा काळ आहे.

विजेच्या मोटारींत दोन बॅटऱ्या असतात. चाकें फिरविणारी मुख्य बॅटरी लिथियम जातीची असते व तिचा दाब बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट असतो. आपल्याकडे प्रथम लोकप्रिय झालेल्या टाटा नेक्सॉन या विजेच्या मोटारींत ती ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या विजेच्या बिलांतील हिशेबानें ३० युनिटांची होती. धाकटी बॅटरी मात्र १२ व्होल्टची. तिची धारणा ४० अँपिअर-तास धरली, तर १२ गुणिले ४० म्हणजे ४८० वॅट-तास, जेमतेम अर्धें युनिट! तरीही दारांचीं कुलुपें, दिवे, भोंगा, समोरचा पडदा आणि गाडीचे सर्व लहानमोठे संगणक या धाकटीवरच चालतात.

याहून महत्त्वाचें तिचें एक काम आहे. मुख्य बॅटरी व गाडीचें यंत्र यांच्यामध्यें कॉन्टॅक्टर नांवाचे मोठे स्विच असतात. विद्युच्चुंबकांत प्रवाह वाहूं लागला कीं ते मिटतात आणि प्रवाह थांबला कीं आपोआप उघडतात. हा प्रवाह धाकटी बॅटरी पुरविते. धाकटी निर्जीव झाली कीं स्विच मिटत नाहींत आणि मोठीचें सामर्थ्य तिच्या पेटींतच कोंडलेलें राहतें. हा रचनेंतील दोष नव्हे. ३०० व्होल्टचा दाब माणसाचा प्राण घेऊं शकतो. म्हणून गाडी बंद असतां किंवा अपघात झाला असतां तो दाब पेटीबाहेर येऊं नये, अशी ही योजना आहे. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर हेंच: गाडी अडते ती आपल्या रक्षणासाठींच.

गाडी सुरू झाल्यावर डीसी-डीसी कन्व्हर्टर नांवाचें उपकरण मुख्य बॅटरीचा उच्च दाब उतरवून सुमारें १४ व्होल्ट करतें व धाकटीला पुन्हां भरतें. पेट्रोलच्या गाडींत जें काम आल्टर्नेटर करतो, तेंच हें.

धाकटी बॅटरी बहुधा शिशाची असते. ही जात १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शोधून काढली. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसविण्यांत आला. त्यामुळें पेट्रोलची गाडी सुरू करण्यास हातानें दांडा फिरविण्याचे कष्ट राहिले नाहींत, आणि त्या काळच्या विजेच्या मोटारींचा एक मोठा गुण फिका पडला. ज्या बॅटरीनें तेव्हां पेट्रोलला हात दिला, तीच आज विजेच्या मोटारीचें दार उघडीत आहे.

या बॅटरींत सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट; म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट. घटांत शिशाच्या व शिशाच्या डायॉक्साइडच्या पट्ट्या गंधकाम्लांत बुडविलेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तसतसें दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट सांठतें व अम्ल सौम्य होतें. भरतांना हीच क्रिया उलट घडते. परंतु बॅटरी रिकामी तशीच राहिली, तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि मग तें परत फिरत नाहीं.

गाडी झोंपलेली असतांही कांहीं थोडी वीज वापरीत असते. समजा, ती ५० मिलिअँपिअर आहे. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. म्हणजे ४० अँपिअर-तासांची नवी बॅटरीही सुमारें ३३ दिवसांत रिकामी होईल. जुन्या बॅटरीची धारणा निम्म्यावर आलेली असली, तर निम्मेच दिवस. कांहीं गाड्या उभ्या असतांही धाकटीला अधूनमधून भरतात, पण सर्वच भरीत नाहींत. त्यांत आपला मराठवाड्याचा उन्हाळा! तपमान दर १० अंशांनीं वाढलें कीं शिशाच्या बॅटरीचें आयुष्य साधारण निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. आणि मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो.

येथें एक धोक्याची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पेट्रोलच्या गाडीची बॅटरी थकली कीं स्टार्टर रडत रडत फिरतो व आपल्याला आधीं सूचना मिळते. विजेच्या मोटारींत स्टार्टरच नाहीं. स्विच मिटण्यास थोडाच प्रवाह लागतो. म्हणून थकलेली बॅटरी शेवटपर्यंत काम करीत राहते आणि एके दिवशीं एकाएकीं थांबते. पडद्यावर परस्परांशीं संबंध नसलेल्या अनेक सूचना एकदम उमटल्या, तर मात्र प्रथम हिचीच शंका घ्यावी.

बदलण्यापूर्वीं मोजावें, हा शास्त्राचा नियम आहे. गाडी कांहीं तास बंद ठेवून मल्टिमीटरनें दाब पाहावा. १२.६ असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ असल्यास सुमारें निम्मी. १२ च्या खालीं असल्यास जवळजवळ रिकामी. नंतर गाडी चालू करून पुन्हां मोजावें. आतां आंकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे. तो वर चढला नाहीं, तर दोष कन्व्हर्टरकडे असूं शकतो व नवी बॅटरी घालूनही उपयोग होणार नाहीं. दाब ठीक दिसला तरी जुन्या बॅटरीची भारावर परीक्षा दुकानांतून करून घ्यावी.

बॅटरी बदलण्याचें काम विद्यार्थ्यांनीं एकट्यानें कधींही करूं नये. वडील माणसांनींही गाडीबरोबरची पुस्तिका वाचूनच हात घालावा. गाडी बंद करून कांहीं मिनिटें थांबावें. किल्ली खिशांत व बॉनेट उघडें ठेवावें. वीज तुटल्यावर विजेचीं कुलुपें उघडत नाहींत. हातांतील अंगठी, बांगडी, घड्याळ काढावें. नारिंगी रंगाच्या तारांना मुळींच स्पर्श करूं नये. त्या उच्च दाबाच्या असतात. प्रथम ऋण ध्रुवाची तार सोडवावी, मग धन ध्रुवाची. जोडतांना याच्या उलट, प्रथम धन व शेवटीं ऋण. याचें कारण असें: गाडीचा सर्व सांगाडा ऋण ध्रुवाला जोडलेला असतो. धन बाजू सोडवितांना पाना सांगाड्याला टेंकला, तर मोठी ठिणगी पडते. ऋण तार आधींच सुटलेली असेल तर मंडल पुरें होत नाहीं व ही भीति राहत नाहीं. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघूं शकतो, म्हणून जवळ ज्वाला नको.

नवी बॅटरी जुनीच्याच जातीची, आकाराची व धारणेची असावी. कांहीं नव्या गाड्यांत धाकटीही लिथियमची असते. तेथें शिशाची चालत नाहीं. जुनी बॅटरी कचऱ्यांत किंवा भंगारवाल्याकडे न टाकतां विक्रेत्याकडेच परत द्यावी. शिसें हें विष आहे व तें लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करतें. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

शेजारच्या त्या घरांत आतां भिंतीवरील दिनदर्शिकेवर दर तीन महिन्यांनीं एक खूण केलेली असते. त्या दिवशीं तो आठवींतला मुलगा वडिलांच्या देखत दाब मोजतो व आंकडा वहींत लिहून ठेवतो. आजोबांचा डोळा आतां बरा आहे; मुलानें लिहिलेला आंकडा ते स्वतः वाचून पाहतात. मित्रहो, तुमच्या घरीं अशी गाडी असेल तर ही वही तुम्हींही आजपासून सुरू करा.