राजापूर तीर्थपरिसर : संगमापासून सागरापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या संगमावर राजापूर हे पुरातन नगर वसलेले आहे. खाडीच्या मुखापासून ते सुमारे २४ किलोमीटर आत आहे. भरतीचे पाणी नगराजवळ पोहोचत असल्याने डोंगरांच्या कुशीतील हे गाव कित्येक शतके कोकणातील एक नामांकित बंदर म्हणून ओळखले जात होते. आज मात्र राजापूरचे नाव घेतले की प्रथम आठवते ती गंगा. ‘गंगा आली’ ही वार्ता पसरताच दूरदूरचे भाविक येथे धाव घेतात, चौदा कुंडांत स्नान करतात, बाटलीत तीर्थ भरून घेतात आणि त्याच गाडीने परत फिरतात. गंगा प्रकट नसेल त्या काळात फारच थोडे लोक इकडे वळतात.

हे योग्य नव्हे. राजापूर परिसरातील जवळजवळ प्रत्येक देवस्थान पाण्याच्या आश्रयाने उभे आहे. कोठे उष्णोदक, कोठे धबधबा, कोठे समुद्रातील गुहा, तर कोठे खाडीचे मुख. संगमापासून सागरापर्यंत या पाण्याच्याच वाटेने दर्शन घेत गेल्यास दोन दिवस कमी पडावेत असा हा प्रदेश आहे, आणि त्यासाठी गंगेच्या आगमनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

नगर आणि बंदर

आदिलशाहीच्या काळात राजापूर हे घाटमाथ्यावरील मालाचे मोठे उतारबंदर होते. अणुस्कुरा घाटाने बैलांच्या तांड्यांवरून मिरी, कापड इत्यादी जिन्नस खाली येत आणि येथून गलबतांतून परदेशी रवाना होत. हा व्यापार पाहूनच इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास येथे वखार घातली. सन १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा दिला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा व दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस गेले आणि आपले निशाण फडकावून त्यांनी किल्ल्यावर मारा केला. व्यापाऱ्याने तटस्थ राहावे हा संकेत मोडल्याचे फळ त्यांना लवकरच मिळाले. सन १६६१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका होण्यास १६६३ साल उजाडले. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाही राजापूरच्या नुकसानभरपाईचा प्रश्न त्याच्या बोलणीत होताच. राजापूरच्या बाजारपेठेतून चालताना हा इतिहास स्मरणात असावा.

सन १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटियरने राजापूरचे वर्णन कोकणातील सर्वांत जुन्या वळणाचे नगर असे केले आहे. चढउताराचे अरुंद रस्ते आणि फरसबंद, छप्पर घातलेली बाजारपेठ यांचा त्यात उल्लेख आहे. त्या काळीही अरबी गलबते या खाडीत थेट येत असत. परंतु मोठ्या गलबतांना नगरापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडेच नांगर टाकावा लागे, कारण पात्रात गाळ साचू लागला होता. पुढे मुंबईच्या आगबोटी खाडीच्या मुखाशी, जैतापूर व मुसाकाजी येथे थांबू लागल्या आणि राजापूरचे बंदर नावापुरते उरले.

ज्या गाळाने बंदर बुजविले तोच गाळ आजही नगराच्या मुळावर आहे. उथळ झालेले पात्र पावसाळ्यात पाणी सामावून घेऊ शकत नाही आणि जवाहर चौकापर्यंत पुराचे पाणी शिरते. व्यापाऱ्यांना दुकानांतील माल वरच्या माळ्यावर हलवावा लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात येणाऱ्या भाविकांनी वाहने नदीकाठी उभी करू नयेत आणि मुसळधार पाऊस असेल तर बाजारपेठेतील मुक्काम टाळावा. पूजेनंतरचे निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या व नारळाच्या शेंड्या संगमात सोडणे म्हणजे या गाळातच भर घालणे होय. नदीस ओटी भरण्याची श्रद्धा असेल त्यांनी एक फूल वाहावे, तेवढे पुरेसे आहे.

उन्हाळे व गंगातीर्थ

नगरापासून तीन-चार किलोमीटरच्या आत, अर्जुना नदीच्या बाजूस उन्हाळे हे गाव आहे. येथे श्री महालक्ष्मीच्या मंदिराजवळ गरम पाण्याचा झरा बारमाही वाहतो. स्त्रिया व पुरुष यांच्या स्नानाची सोय स्वतंत्र आहे. प्रथम उन्हाळ्यात स्नान, नंतर गंगास्नान आणि शेवटी श्री धूतपापेश्वराचे दर्शन असा क्रम भाविक परंपरेने पाळतात. गंगा नसेल तेव्हा उष्णोदक-स्नान करून थेट धूतपापेश्वरास जाता येते.

उन्हाळ्याच्या वरच्या अंगास सड्यावर गंगातीर्थ आहे. एका जुन्या वटवृक्षाच्या मुळाशी मूळ गंगा प्रकट होते आणि तेथून पाणी इतर कुंडांत येते. एकूण कुंडे चौदा असून त्यांत काशीकुंड, सूर्यकुंड, चंद्रकुंड, यमुना, सरस्वती, गोदा, कृष्णा इत्यादींचा समावेश आहे. काशीकुंडातील पाणी गोमुखातून पडते. ही कुंडे एकमेकांपासून काही पावलांवर असूनही त्यांतील पाण्याची उष्णता सारखी नसते, हे भाविकांनी अवश्य अनुभवावे.

आख्यायिका अशी की, गंगाजी साळुंखे नावाचा एक कुणबी शेतकरी दरवर्षी तीर्थयात्रेस जात असे. वार्धक्याने पाय थकले तेव्हा त्याने आपल्या शेतात बसून गंगेची करुणा भाकली आणि गंगामाई त्याच्याच शेतात वडाच्या मुळाशी प्रकट झाली. कोणी राजा अथवा ऋषी नव्हे, तर नांगर धरणारा कष्टकरी या तीर्थाचा आद्य भक्त आहे. ही गोष्ट येथील पुजारी मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. कविवर्य मोरोपंतांनीही या तीर्थावर काव्यरचना केली आहे.

साधारणतः दर तीन वर्षांनी, बहुधा उन्हाळ्यात गंगा यावी आणि दोन-तीन महिने राहून जावी, असा पूर्वापार अनुभव होता. विशेष म्हणजे इतर विहिरी आटत असताना हे पाणी वाहू लागते. अलीकडच्या वर्षांत मात्र हा क्रम बदलला आहे. गंगा कधी लवकर येते, कधी दीर्घकाळ राहते, तर कधी वर्षभरातच पुन्हा प्रकट होते. भूगर्भातील पोकळ्यांत पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत साचले म्हणजे वक्रनलिकेच्या तत्त्वाने ते एकदम बाहेर पडू लागते आणि साठा सरताच थांबते, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. श्रद्धा आणि हे स्पष्टीकरण यांत विरोध मानण्याचे कारण नाही. दोन्हींचा व्यवहारातील अर्थ एकच निघतो. सड्यावर मुरणारे पाणी, तेथील झाडी आणि कातळ हे सारे तीर्थाचेच अंग आहे.

गंगा असताना गर्दी फार होते. कुंडांत साबण लावणे, कपडे धुणे, नाणी टाकणे किंवा तेल सोडणे सर्वथा वर्ज्य समजावे. ही कुंडे लहान आहेत. सकाळी एकाने सोडलेले तेल दुपारपर्यंत शंभरांच्या अंगास लागते. कुंडे कोरडी असतानाही स्थान जागृतच असते. निवांतपणे बसून दगडी बांधणी पाहावयाची असेल तर खरे तर तोच काळ उत्तम.

श्री धूतपापेश्वर

नगरापासून सुमारे ३ किलोमीटरवर धोपेश्वर येथे मृडानी नदीच्या काठी श्री धूतपापेश्वराचे मंदिर आहे. ‘धूतपाप’ म्हणजे पाप धुऊन टाकणारा. मंदिरालगत नदी कातळावरून खाली झेपावते आणि पावसाळ्यात तिचा घोष गाभाऱ्यापर्यंत ऐकू येतो. महाशिवरात्र व श्रावणी सोमवार या दिवशी येथे मोठी गर्दी असते. सन २०२१ मध्ये राज्य शासनाने जतन व संवर्धनासाठी निवडलेल्या आठ प्राचीन मंदिरांत या मंदिराचा समावेश झाला.

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने दानशूर भाविकांसाठी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. कोकणातील जुनी मंदिरे जांभा दगड, लाकूड आणि कौले यांची आहेत. या पावसात ती टिकली याचे श्रेय वेळोवेळी कौले चाळणाऱ्या, वासे बदलणाऱ्या आणि सांडपाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या हातांना आहे. परंतु देणगी देताना बहुतेकांची इच्छा डोळ्यांत भरेल असे काही करण्याची असते. त्यातूनच कोरीव खांबांवर तैलरंग चढतो, जुन्या फरसावर गुळगुळीत लाद्या बसतात आणि लादीवर दात्याचे नाव येते. पावसाळ्यात या लाद्यांवर वृद्ध भाविक घसरून पडतात, ही गोष्ट वेगळीच. ज्यांना खरोखर देवकार्य करावयाचे आहे त्यांनी कौलांसाठी, लाकडाच्या दुरुस्तीसाठी, कुंडातील गाळ काढण्यासाठी अथवा अन्नदानासाठी देणगी द्यावी, कार्यालयातून रीतसर पावती घ्यावी आणि रक्कम कोणत्या कामासाठी आहे ते पावतीवर लिहून घ्यावे.

आडिवरे आणि कशेळी

राजापूरहून पश्चिमेस समुद्राकडे निघाल्यावर सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर आडिवरे येथे श्री महाकालीचे प्रसिद्ध स्थान लागते. वेत्ये गावच्या समुद्रात मासेमारांच्या जाळ्यात देवीची मूर्ती सापडली, अशी कथा सांगतात. महाकालीसमवेत येथे महालक्ष्मी व महासरस्वती यांचेही दर्शन घडते. नवरात्रात येथे उत्सवाची धामधूम असते.

आडिवऱ्याहून जवळच कशेळी येथे श्री कनकादित्याचे मंदिर आहे. महाराष्ट्रात सूर्यमंदिरे मोजकीच, म्हणून याचे महत्त्व विशेष. सौराष्ट्रातील प्रभासपट्टणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेले एका व्यापाऱ्याचे गलबत कशेळीच्या किनाऱ्याजवळ अडले. काही केल्या ते हलेना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरील गुहेत ठेवल्यावरच ते पुढे गेले. कनका नावाच्या गणिकेस दृष्टान्त झाला आणि तिने ग्रामस्थांच्या साह्याने मूर्ती गावात आणविली. तिच्याच नावावरून देव कनकादित्य झाला. ज्या कड्याखालील गुहेत मूर्ती होती ती जागा देवघळी म्हणून ओळखली जाते. वरून तिचे दर्शन सुंदर होते. मात्र भरतीच्या वेळी व पावसाळ्यात खाली उतरण्याचे धाडस करू नये. रथसप्तमीस येथे मोठा उत्सव होतो आणि त्या वेळी श्री कालिकादेवीचा मुखवटा वाजतगाजत आणण्याची प्रथा आहे.

कशेळीच्या दानाची कथा तर ताम्रपटावर कोरलेली आहे. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ च्या सुमारास, कशेळी गाव गोविंद भट्ट यास दिले. बारा ब्राह्मणांच्या भोजनाची सोय व्हावी हा त्या दानाचा हेतू होता. आडिवऱ्याचा प्राचीन उल्लेखही याच ताम्रपटात येतो. राजाने स्वतःच्या नावाचा मंडप न उभारता भोजनाची व्यवस्था लावून दिली, याकडे देणगीदारांचे लक्ष वेधावेसे वाटते.

सड्यावरील कातळशिल्पे

या परिसराच्या जांभ्या सड्यांवर प्रागैतिहासिक मानवाने कोरलेली शिल्पे आहेत. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहरेषेच्या आत अनेक प्राणी कोरलेले आहेत. राजापूर तालुक्यातील बारसू, देवाचे गोठणे आणि देवीहसोळ येथील शिल्पेही प्रेक्षणीय आहेत. ही स्थळे सन २०२२ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. देवीहसोळचे शिल्प तर आजही पूजाविधीत आहे. श्री आर्यादुर्गेच्या यात्रेत भालावलीच्या श्री नवदुर्गेची पालखी येते आणि दोन्ही देवींची भेट या कोरीव चौकटीपाशी होते. कोणी आणि कशासाठी कोरले हे विस्मृतीत गेले, पण जागेचे पावित्र्य राहिले.

शिल्पे पाहताना पादत्राणे काढावीत, रेषांवरून चालू नये आणि छायाचित्रासाठी खडू अथवा रंगाने रेषा भरू नयेत. सड्यावर सावली नाही. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे. तिरप्या उन्हात रेषाही स्पष्ट दिसतात.

खाडीच्या मुखाशी

नाटे येथील यशवंतगड, त्यापुढील आंबोळगड आणि समोरचे जैतापूर हा सारा प्रदेश राजापूरच्या खाडीच्या मुखाशी आहे. यशवंतगडाचे बुरूज व तट झाडीत हरवले असले तरी खाडीतून आत येणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर ठेवता येत असे, हे जागेवर उभे राहिल्यावर ध्यानात येते. आंबोळगडास समुद्रालगत प. पू. गगनगिरी महाराजांचा आश्रम असून तेथील शांतता साधकांना भावते.

एक दिवसच हाताशी असेल त्यांनी सकाळी उन्हाळे, गंगातीर्थ व धूतपापेश्वर आणि दुपारनंतर आडिवरे व कशेळी असा कार्यक्रम ठेवावा. नाटे-आंबोळगड व कातळशिल्पे यांसाठी दुसरा दिवस राखावा. राजापूर हे मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर असून एस. टी. ची सेवा आहे. कोकण रेल्वेचे ‘राजापूर रोड’ हे स्थानक मात्र नगरापासून बरेच दूर असल्याने रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्यांनी पुढील वाहनाची व्यवस्था अगोदरच करून ठेवावी. किनाऱ्याकडील गावांतून परतीची शेवटची एस. टी. लवकर सुटते, तिची वेळ राजापूर स्थानकावर निघतानाच विचारून घ्यावी.